फळ्यावरचं जहाज

ऋग्वेदाला वाटलं होतं, मुंबईच्या मराठी शाळेतली मुलं कवितेसाठी भुकेली असतील. मुलं भुकेली होती हे खरं, पण वडापावसाठी. कारण तिचा तास मधल्या सुट्टीच्या अगदी आधी होता.

टोरांटोत वाढलेली, तिथल्या रविवारच्या मराठी वर्गात श्लोक घोकलेली आणि शिक्षणशास्त्राची पदवी घेतलेली ही मुलगी वर्षभर शिकवायला म्हणून लालबागला, कमलआत्याच्या चाळीत राहायला आली होती. विमानातच तिने सगळं डोळ्यांपुढे आणलं होतं. खिडकीतून ऊन येतंय, ती एक जुनं आख्यानकाव्य वाचतेय, मुलं गालावर हात ठेवून ऐकताहेत आणि मागच्या बाकावर कोणीतरी हळूच डोळे पुसतंय. (डोळे पहिल्याच दिवशी पुसले गेले. शेजारी टॉवरचं काम चालू होतं, त्याची धूळ.)

काव्य मोठं सुंदर होतं. शंखदत्त नावाचा व्यापारी समुद्रापार जातो, त्याचं जहाज बुडाल्याची बातमी येते, पण बायको विश्वास ठेवत नाही. रोज दोन पानं वाढून बसते. ऋग्वेदाने नववी ब ला हे सांगितलं तेव्हा एक रुमाल निघाला, तिचाच.

आकांक्षाने हात वर केला. "टीचर, हे किती मार्कांना आहे?"

मुख्याध्यापिका रुपाली मॅडम प्रेमळ होत्या, पण व्यवहारी. "शुक्रवारपर्यंत गोडी लागली मुलांना, तर बघू. नाहीतर सरळ गाईडमधली उत्तरं लिहून द्या. गेल्या वर्षी तेच केलं. निकाल छान लागला."

गाईडचं नाव काढताच ऋग्वेदाच्या अंगावर काटा आला. त्याच क्षणी तिने ठरवलं, की मुलांची पूर्वतयारी करून घ्यायची. 'वाचनाआधी कुतूहल जागं करा' हा तिचा हातखंडा विषय होता. त्यात तिला विद्यापीठात सर्वांत चांगली श्रेणी मिळाली होती. (ही गोष्ट चाळीतल्या प्रत्येकाला निदान एकदा तरी ऐकून झाली होती.)

चाळीच्या तोंडाशी मंडळाचा फळा होता. पाणी कधी येणार, सभा कधी, कोण गेलं, सगळं त्या फळ्यावर. आणि तो लिहायचा मान फक्त प्रफुल्लकाकांचा. फळ्यावर आलं म्हणजे झालं. त्यावर चाळीत कोणी वाद घालत नसे. वर्गातली निम्मी मुलं त्याच फळ्यासमोरून शाळेत जात. आणि प्रफुल्लकाका नेमके कणकवलीला गेले होते!

गुरुवारी पहाटे ऋग्वेदाने खडू उचलला आणि शक्य तितकं काकांसारखं वळणदार अक्षर काढून लिहिलं:

'जहाज बुडाले. घरी बायको वाट पाहते आहे. तिला कोणी सांगायचे?'

नाव नाही, गाव नाही, सही नाही. कुतूहल असंच जागं करतात.

वर्गात शिरली आणि तिचा स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास बसेना. नववी ब चिडीचूप. मागचा बाकसुद्धा जमिनीकडे बघत होता.

"फळा वाचलात ना?" तिने हसत विचारलं.

माना हलल्या.

"मग? काही विचारायचंय?"

आकांक्षा कशीबशी उठली. "टीचर, बॉडी मिळाली?"

"ते आत्ताच कसं सांगू? मजाच जाईल!"

सलोनीच्या डोळ्यांत पाणी. "पण टीचर, खरंच बुडालं?"

"बातमी तर तशी आलीय."

"आणि काकूंना कोण सांगणार?"

"तुम्हीच विचार करा ना! तुम्ही असता तर कसं सांगितलं असतं? घरी जाऊन चर्चा करा."

मुलांनी घरी जाऊन चर्चा केली.

संध्याकाळी ऋग्वेदा तरंगतच चाळीत आली. तिथेही सगळं शांत. टीव्ही बंद, ढोलाची तालीम बंद, आणि जिन्यावरून झाकलेली पातेली वर चाललेली.

"आत्या, आज काय आहे?"

कमलआत्याने तिला आत ओढलं. "ऋगू, हळू बोल. उर्मिलेचा मनमोहन गेला गं. आपल्या चाळीतून बोटीवर तोच एक होता ना, कूक? बोटच बुडाली. तिला अजून माहीत नाही. सुतकाच्या घरात चूल पेटत नाही, म्हणून आधीच सगळ्यांनी पिठलं-भात करून ठेवलाय."

उर्मिलाकाकू ऋग्वेदाला रोज हाक मारून चहा द्यायच्या. ती ढसाढसा रडली. मग डोळे पुसून म्हणाली, "दुःख दाबून ठेवायचं नसतं, आत्या. आपण सगळे त्यांच्याभोवती गोल करून बसू. मी सांगते त्यांना."

चाळीने सुटकेचा निःश्वास टाकला. शिकलेली मुलगी. बरं झालं.

उर्मिलाकाकूंच्या खोलीत गोल झाला. काकू पातेल्यांच्या रांगेकडे बघत होत्या. "झालंय काय तुम्हाला? सकाळपासून कोणी नळावर माझ्याशी भांडलंसुद्धा नाही. बरं वाटत नाहीये मला."

सगळ्यांनी ऋग्वेदाकडे पाहिलं. तिने काकूंचा हात हातात घेतला, आणि मग सहज, अभ्यासू वृत्तीने, शेजारी बसलेल्या विक्रांतला हळूच विचारलं, "पण बातमी आली कुठून?"

विक्रांत मंडळाचा सेक्रेटरी. तो कुजबुजला, "फळ्यावर आलीय. मी कंपनीत फोन केला, तर नुसतं म्युझिक वाजतंय. तेव्हाच समजलो. आणि आता शाळेतूनपण कन्फर्म झालं. सलोनी सांगत होती, टीचरना आधीच माहीत होतं."

ऋग्वेदाच्या हातातला काकूंचा हात एकदम थंड पडला. (हात ऋग्वेदाचा थंड पडला होता, पण तेवढा फरक करण्याच्या स्थितीत ती नव्हती.)

तेवढ्यात काकूंचा मोबाइल वाजला. व्हिडिओ कॉल. पडद्यावर मनमोहनकाका, अंगात बनियन, हातात झारा, मागे तळल्या जाणाऱ्या माशांचा धूर.

"काय गं, एवढी माणसं? कोण गेलं?"

ऐंशीच्या घरातल्या आनंदीबाईंनी मोबाइल हिसकावला. "मेल्या, तू जितो आसस?"

"म्हणजे काय? सुरमई तळतोय!"

मग जो गोंधळ झाला, त्यात ऋग्वेदाने उभं राहून कबुली दिली. शंखदत्त, जहाज, कुतूहल, सगळं. काकूंना हसावं की रडावं कळत नव्हतं. "म्हणजे इतकं पिठलं मी एका कवितेपायी खायचं?"

"ते राहू दे," पडद्यातून मनमोहनकाका म्हणाले, "त्या बाईचं पुढे काय झालं? नवरा आला की नाही?"

"होय गो," आनंदीबाई म्हणाल्या, "अर्ध्यावर सोडू नकोस."

ऋग्वेदाने पुस्तक आणलं. वाचायला लागली. अर्थ सांगायची गरज पडली नाही. काव्यातली बायको दुसरं पान वाढत होती तेव्हा दारातली मुलं आत सरकली आणि उर्मिलाकाकूंनी मोबाइल छातीशी धरला. किनाऱ्यावर कोणीतरी उतरतो, इथपर्यंत ती आली, आणि खालून हाक आली, "पाणी आलं!"

क्षणात खोली रिकामी. जिन्यावरून फक्त सलोनी ओरडली, "टीचर, तो कोण होता ते उद्या वर्गात! तास सुरू झाल्याझाल्या!"

शुक्रवारी सकाळी ऋग्वेदा फळा पुसून माफी लिहायला लवकर उतरली. प्रफुल्लकाका रातराणी एसटीने परतले होते. फळ्यावर ओल्या खडूने लिहिलेलं होतं:

'कालची बातमी खोटी आहे. श्री. मनमोहन सुखरूप. बातमी लिहिणाऱ्या बाई परदेशात शिकलेल्या असल्याने मंडळाने त्यांना समजून घेतले आहे. यापुढे खडू कुलपात राहील. उरलेल्या कवितेचे वाचन संध्याकाळी, पाणी भरून झाल्यावर.'

ऋग्वेदाने ते दोनदा वाचलं आणि तिथल्या तिथे ठरवलं: आजपासून कसलीही पूर्वतयारी नाही. वर्गात जायचं, पुस्तक उघडायचं आणि वाचायचं. आणि निदान या आठवड्यात तरी, शाळेत जायचं ते मागच्या जिन्याने.

मागच्या जिन्यावर आनंदीबाई लसूण सोलत बसल्या होत्या.

"काय गो टीचर," त्या म्हणाल्या, "आज कोणाक बुडवतलंस?"