सव्विसाव्या दिवसाची सही

वही आखून द्यायला मी ‘हो’ म्हणालो, तिथेच चुकलं. बायकोने काही आखून मागितलं की शहाण्या नवऱ्याने पट्टी सापडत नाही म्हणून सांगावं. पण मी पडलो सत्तावीस वर्षं हजेरी विभागात घासलेला कारकून. कोरी वही दिसली की माझे हात शिवशिवतात.

झालं असं, की आमच्या इमारतीत तळमजल्यावर एक खोली आहे. कागदावर ती सोळाही घरांची. प्रत्यक्षात तिला कुलूप, किल्ली सेक्रेटरींच्या खिशात, आणि आत सेक्रेटरींचाच जुना सोफा, दोन मोडक्या खुर्च्या आणि एक पंखा, जो दुरुस्त करायचा आहे असं ते दहा वर्षं सांगताहेत. हिच्या मनात फार दिवस होतं, की ती खोली उघडावी. सकाळी बायकांनी तिथे व्यायाम करावा, दुपारी म्हाताऱ्यांनी पेपर वाचावा, परीक्षेच्या दिवसांत मुलांनी अभ्यासाला बसावं.

“उठायचं, खायचं, झोपायचं, एवढंच का आयुष्य? जगण्याला काही हेतू नको?” ती मला विचारायची.

“हवा ना,” मी पेपरमागून म्हणायचो. (हेतूचं मला वावडं नाही. फक्त त्याने मला अंथरुणातून उठवू नये.)

शेवटी ती सेक्रेटरींकडे गेली. सेक्रेटरी म्हणाले, “वहिनी, आपली माणसं आरंभशूर. आज व्यायाम करतील, चार दिवसांनी खोलीत पापड वाळत घालतील. आधी चाळीस दिवस रोज सकाळी चालून दाखवा. एक दिवस जरी कोरा गेला, तर खोलीचं नाव काढायचं नाही.”

ही म्हणाली, “कबूल.”

योजना अशी ठरली. रस्त्याच्या टोकाला, दीड किलोमीटरवर पाण्याची टाकी आहे. तिथल्या भिंतीवर एक लाकडी पेटी. पेटीत वही. ज्याने त्याने टाकीपर्यंत चालत जायचं, सही करायची, परत यायचं. आठ वाजता पंपवाला येऊन पेटीला कुलूप घालणार. चाळीस दिवसांत निदान एक तरी सही रोज पडली पाहिजे. वही आखायचं काम अर्थातच माझ्याकडे आलं, आणि मी ती ऑफिसच्या मस्टरसारखी आखली: माणशी एक पान, पानावर चाळीस चौकोन. प्रत्येकाने आपलं पान उघडायचं, आपल्या चौकोनात सही करायची. दुसऱ्याच्या पानात डोकवायचं कारणच नाही.

त्या वेळी माझ्या मनात काही पाप नव्हतं. (आता हे कोणी मानत नाही.)

पहिले पाच दिवस मी खरोखर चाललो. रविवारी, म्हणजे सहाव्या दिवशी, टाकीपाशी धापा टाकत उभा होतो, आणि हात आपोआप सोमवारच्या चौकोनाकडे गेला. यात लबाडी नव्हती हो, सवय होती. आमच्या विभागात सोमवारी आला की माणूस आठवड्याच्या सह्या उरकून टाकतो. उद्याचं काम आज करावं असं शाळेत शिकवतात, आणि आमच्या ऑफिसात ते मनापासून पाळलं जातं. सोमवार केला, मग मंगळवारने काय घोडं मारलंय? थेट शनिवारपर्यंत सह्या करून मी वही मिटली. पुढे दर रविवारचा तोच शिरस्ता झाला.

आता प्रश्न उरला तो एवढाच, की रोज पावणेसहाला बूट घालून घरातून निघालेल्या माणसाने जायचं कुठे. ही बायकांना घेऊन सव्वासहाला निघे. मी तिला सांगून ठेवलं होतं, की माझा वेग जास्त, मी आधी जातो आणि मागच्या वाटेने परततो. तेव्हा इमारतीच्या मागे फिरता फिरता माझं लक्ष त्या खोलीच्या खिडकीकडे गेलं. खिडकीचा कडीकोयंडा सैल होता. मी पाय वर टाकला, पोट आत घेतलं, जमेल तेवढा देव आठवला आणि आत पडलो, तो नेमका सेक्रेटरींच्या सोफ्यावर. इतका मऊ सोफा दहा वर्षं कुलपात ठेवणं हा गुन्हाच होता.

दुसऱ्या दिवशी मी उशी नेली. तिसऱ्या दिवशी स्वयंपाकघरातलं गजराचं छोटं घड्याळ. ते सहा चाळीसला वाजे, मी ते दाबून बंद करी, लगेच उद्यासाठी पुन्हा लावून ठेवी (उद्याचं काम आज), खिडकीतून बाहेर पडे, मागच्या नळावर कपाळ ओलं करी आणि पावणेसातला घामाघूम होऊन घरी. ही माझ्यासमोर गरम पाण्याचा पेला ठेवी आणि म्हणे, “चेहऱ्यावर तेज आलंय हं तुमच्या.” येणारच. रोज तासभर जादा झोप होत होती.

ती मात्र घड्याळ शोधून शोधून दमली. “घरातून घड्याळाला पाय फुटतात का?” ती म्हणायची. मी म्हणायचो, “आजकाल काही सांगता येत नाही.”

असे दिवस गेले आणि सव्विसावा दिवस उजाडला. शनिवार. आदल्या रात्री वादळ झालं होतं, पण मी नेहमीसारखा खिडकीतून आत आणि खिडकीतून बाहेर. पावणेसातला कपाळ ओलं करून घरी आलो, तर ही स्वयंपाकघरात नुसती बसून होती. गॅस बंद. समोर एक कागद, त्यावर खोलीत काय कुठे ठेवायचं ते तिने पेन्सिलीने काढलेलं.

“कुठून आलात?” तिने विचारलं.

“टाकीवरून.”

“सही केलीत?”

“रोज करतो, मग आज काय झालं?”

ती उठून उभी राहिली. “आणि झाड?”

“कुठलं झाड?” मी म्हणालो. हे म्हणायला नको होतं.

“अहो, रस्त्यात ते एवढं मोठं झाड आडवं पडलंय. एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला नाला, आणि मागची वाट तर पाण्याखाली. आम्ही सगळ्या परत आलो. तळमजल्यावरचे शिंपीकाका परत आले. कोणालाच जाता येईना. मी म्हटलं, संपलं सगळं, वही कोरी राहिली.” तिने माझा दंड धरला. “तुम्ही खरंच गेलात?”

आता माझ्या जागी तुम्ही असता तर काय केलं असतं? तिच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि चोवीस वर्षांच्या संसारात माझ्याकडे बघून तिच्या डोळ्यांत आलेलं आनंदाचं ते पहिलंच पाणी. मला स्वतःची लाज वाटली, अगदी खरी. पण लाज वाटत असतानाच तोंडातून शब्द गेले, “हां, ते झाड होय. चढलो की.”

संध्याकाळी, झाड कापून रस्ता मोकळा झाल्यावर, सेक्रेटरी पेटीतून वही काढून घेऊन आले. जिन्यात सगळे जमले. त्यांनी एकेक पान उघडलं. सव्विसावा चौकोन कोरा, कोरा, कोरा. मग माझं पान. सही. ठसठशीत. (नशीब, तो शनिवार होता. बुधवारी झाड पडलं असतं तर माझ्या पुढच्या तीन दिवसांच्या सह्याही त्यांनी वाचल्या असत्या.)

सेक्रेटरींनी आधी सहीकडे पाहिलं, मग माझ्या पोटाकडे.

“तुम्ही चढलात?”

“चढलो.”

“त्या झाडावर?”

“दुसरं कुठलं पडलंय?”

“उद्या चढून दाखवा,” ते म्हणाले. “बुंध्याचा अर्धा तुकडा अजून कडेला पडलाय. सगळ्यांसमोर चढा. नाही जमलं, तर वहिनी, माफ करा, सव्विसावा दिवस कोरा.”

त्या रात्री ही शांत झोपली. मी नाही. माझी फजिती झाली असती तर काही बिघडलं नसतं, फजितीची मला सवय आहे. पण तो पेन्सिलीचा कागद तिने उशीखाली ठेवला होता.

रविवारी सकाळी सोळाही घरं बुंध्याभोवती उभी. बुंधा माझ्या छातीइतका उंच. दुसऱ्या मजल्यावरच्या नर्सबाई, ज्यांनी तीस वर्षं लोकांची हाडं बसवलेली पाहिली, त्या मला हलकेच म्हणाल्या, “पडायचंच झालं तर कुशीवर पडा.” मी डोळे मिटले. पाय वर टाकला, पोट आत घेतलं, देव आठवला आणि काय सांगू, एका दमात पलीकडे गेलो. उतरलोही पायांवर.

कोणाला विश्वास बसेना. मला तर मुळीच नाही. मग ध्यानात आलं, तीन आठवडे मी रोज दोनदा खिडकी चढत उतरत होतो. इमारतीत एवढा नियमित व्यायाम दुसऱ्या कोणाचाच झाला नव्हता.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. शिंपीकाकांनी पाठ थोपटली. ही घरी येईपर्यंत माझ्या शेजारून चालली. एवढं झाल्यावर तरी माणसाने सुधारावं की नाही? पण पराक्रमी माणसाची वही कोण तपासतो? सोमवारी पावणेसहाला मी परत सोफ्यावर होतो. (दमलो होतो हो. झाड चढणं सोपं नसतं.)

चाळिसावा दिवस शनिवारी आला. सगळ्यांनी मिळून पावणेसहालाच टाकीपर्यंत जायला निघायचं, परत यायचं आणि खोली उघडायची असं ठरलं. मीही चाललो. टाकीपाशी सगळ्यांच्या देखत मी माझ्या चाळिसाव्या चौकोनावर, सहा दिवसांपूर्वी केलेल्या सहीवर, टोपण न काढता पेन फिरवलं.

साडेसहाला आम्ही खोलीसमोर. सेक्रेटरींनी चार शब्द बोलायचे म्हणून चाळीस वाक्यं घेतली. हिच्या हातात नवी केरसुणी आणि तो कागद. शेवटी त्यांनी किल्ली तिच्या हातात दिली, आणि त्या क्षणी मला आठवलं, की माझी उशी आत आहे.

“आज नको,” मी म्हणालो. “आत फार धूळ असेल. मी एकटा आधी झाडून घेतो.”

“तुम्ही? झाडून?” ही म्हणाली. आजवर मी घरात केर काढलेला कोणी पाहिला नव्हता, तेव्हा सगळे माझ्याकडे वळून बघू लागले.

“हेतू,” मी म्हणालो. “जगण्याला हेतू नको का?”

तिने किल्ली कुलपाला लावली. सहा चाळीस झाले. बंद खोलीच्या आत घड्याळ वाजायला लागलं.

सोळा घरं कुलपाकडे बघताहेत. आत ते घड्याळ आपलं वाजतंय. शिंपीकाका, ज्यांची भिंत त्या खोलीला लागून, ते म्हणाले, “हे रोज वाजतं. आणि रोज कोणीतरी ते बंद करतं. मी घरात सांगितलं, तर मलाच डॉक्टरकडे न्यायला निघाले.”

“आमचं घड्याळ,” ही म्हणाली. आवाज तिने लगेच ओळखला.

दार उघडलं. सोफ्यावर माझी उशी. अभ्र्याच्या कोपऱ्यात तिनेच भरलेलं निळं फूल. बाजूला बिस्किटांचा पुडा. खिडकीच्या चौकटीवर माझ्या बुटांचे इतके ठसे, की ऑफिसच्या मस्टरमध्येही माझी एवढी खरी हजेरी कधी लागली नसेल.

ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने घड्याळ बंद केलं, उशी माझ्या हातात दिली आणि म्हणाली, “मला वाटलं होतं, तुम्ही माझ्यासाठी चढलात.”

“रविवारी तुझ्यासाठीच चढलो,” मी म्हणालो. “शनिवारी नाही.” हे मात्र खरं होतं, आणि मला वाटतं तिलाही ते कळलं. पण कळणं वेगळं आणि सोडणं वेगळं.

सेक्रेटरी घसा साफ करत होते. ते बोलण्याआधीच तिने किल्ली त्यांच्या हातात ठेवली. “सव्विसावा दिवस कोरा,” ती म्हणाली. “उद्यापासून पहिला दिवस.”

मला वाटलं, आता सगळे माझ्यावर तुटून पडणार. पण नर्सबाई म्हणाल्या, “मी तशीही चालणारच होते. चाळीस दिवसांत गुडघे दुखायचे थांबलेत.” शिंपीकाका म्हणाले, “घरी बसून तरी काय करायचं?” आणि सेक्रेटरी, सोफ्याकडे जरा वेळ बघून, म्हणाले, “उद्या मीही येतो. यांच्यासोबत चालतो. यांना एकटं सोडण्यात अर्थ नाही.”

नवी वही हिने स्वतः आखली. एका दिवसाला एक पान, सगळ्यांच्या सह्या एकाच पानावर. माझ्यापुढे मात्र सही नाही. मला अंगठा. शाईचा पॅड तिच्या पिशवीत असतो, टाकीपाशी पोचलो की ती तो काढते, आणि सोळा घरांसमोर हजेरी विभागाचा हा सीनियर कारकून निळा अंगठा उठवतो. आज एकतिसावा दिवस. सव्विसाव्या दिवशी तिने पॅड माझ्यापुढे धरला आणि जरासं हसली. अंगठा त्या दिवशी मी जरा जोरातच दाबला.

काल ऑफिसात पोचलो तर समोर मस्टर आणि बाजूला रबरी शिक्क्यांचा पॅड. सवयीने अंगठा पॅडवर गेला आणि तिथून माझ्या चौकोनात. साहेब मागेच उभे होते. त्यांनी वही उचलली, तो निळा ठसा उजेडात धरून पाहिला आणि म्हणाले, “हे बरं झालं. सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा खात्री वाटली, की तुम्ही आला आहात.”