सात नंबरच्या नावेचा पांढरा

धाबेकर काकांच्या शर्टाच्या खिशात पेन नसतो, चमचा असतो. साधा, स्टीलचा, चहाचा. समोर येईल ती वस्तू ते आधी चमच्यानं ठोकतात आणि कान लावतात. आमचा नवा फ्रिज आला तेव्हा त्यांनी त्याला चारही बाजूंनी ठोकलं. "वरून त सारंच चमकते, मंजू," म्हणाले, "आतलं काय म्हणते ते आयकावं लागते." फ्रिज काय म्हणाला ते काही सांगितलं नाही. मी मात्र आठवडाभर दूध काढताना कान देऊन उभी.

काकांची सगळी नोकरी रेल्वेच्या डब्यांना रंग देण्यात गेली. आता रिटायर आहेत. गुढ़ियारीत आमची त्यांची भिंत एक, अंगण एक आणि फाटकही एकच. त्या अंगणात होळीच्या आधी त्यांनी भनपुरीच्या भंगारातून एक नाव आणून ठेवली. फायबरची, पायानं चालवायची, बागेतल्या तलावात असते तशी. अंगावर सात नंबर. दोन ड्रमांवर ती अशी बसवली की अर्धं फाटक गेलं. तेव्हापासून माझी स्कूटी रोज तिरकी करून, उलटी ओढून बाहेर काढायची. तलावाकाठी राहणाऱ्यानं नाव घेतली तर समजू शकते मी. आमच्या पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, जवळचं पाणी म्हणजे नळाचं, तेही सकाळी पाऊण तास.

"काका, नाव काहून आणली?"

"दुरुस्त कराले."

"आणि मग?"

"मंग भाच्याच्या तलावात, धमतरीकडं. रंगाचा शेड जमला की त्याच दिवशी जाते, पाह्य."

म्हणजे माझं फाटक शेडवर अडलेलं. त्या दिवसापासून मी शेडमध्ये लक्ष घातलं.

फायबरच्या अंगावर एक गुळगुळीत कातडी असते, तिला जेलकोट म्हणतात. तिचा टवका उडाला की आत पाणी मुरतं. आमच्या नावेच्या नाकाशी तळहाताएवढा टवका उडालेला होता. काका ती जागा घासायचे, अ‍ॅसिटोननं पुसायचे. डब्यातल्या जेलकोटमध्ये रंगाची पेस्ट मिसळून पांढरा जमवायचे, त्यातला थोडा वाटीत घेऊन हार्डनरचे थेंब टाकायचे आणि खड्डा भरायचे. वर प्लास्टिकचा कागद दाबायचा, नाहीतर हवा लागून तो चिकटच राहतो. वाळला की पॉलिश पेपर पाण्यात बुडवून घासत बसायचं. मे महिन्यात तर माल खड्ड्यात जायच्या आधी वाटीतच दगड व्हायचा. काकूंची एक वाटी अशी चमच्यासकट गेली. ती आता त्यांच्या दाराला अडसर म्हणून आहे.

आणि दर गुरुवारी चार वाजता बीरगांवहून साहूजी यायचे. हे काकांच्याच रेल्वे कारखान्यात रंगांचे शेड जुळवायचे. पांढरा शर्ट, हातात छत्री, बोलणं कमी. छत्री ड्रमला टेकवून ते नावेसमोर वाकायचे, एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून बघायचे आणि म्हणायचे, "धाबेकर, नीला मार रहा है."

"मले वाटलंच होतं," काका म्हणायचे.

मग काकूंचे पोहे, चहा, आणि रेल्वेच्या जुन्या कुठल्याशा डब्याचा लाल कोणी बिघडवला यावर दोन तास भांडण. दुसऱ्या दिवशी सकाळी काका भरलेलं सगळं खरडून काढायचे. होळीपासून पोळ्यापर्यंत हेच. मला त्या पांढऱ्यात निळी झाक काही केल्या दिसायची नाही.

पोळ्यानंतरच्या एका बुधवारी मात्र मला दिसलं, आणि डोकंच चालेना. काकांनी डब्यात पांढरा जमवला. बोटानं नावेला लावून पाहिला, तर बोट कुठं लावलं ते सापडेना, इतका बरोबर. मग त्यांनी इकडं तिकडं पाहिलं, थोडा माल वाटीत काढला आणि काडीच्या टोकावर निळी पेस्ट घेऊन वाटीत घातली. स्वतःच्या हातानं!

माणूस जन्मभर रंगात, आणि आता हे काय? मला वाटलं, वय झालं, हातून होत असेल. तेवढ्यात काकू बोलवायला आल्या, काका वाटी तशीच ठेवून दाताच्या डॉक्टरकडे गेले. आणि मी शहाणी पुढं झाले. सहा महिने पाहिलेलं सारं पाठच होतं. वाटी बाजूला सारली, डब्यातला बरोबर पांढरा घेतला, थेंब टाकले, खड्डा भरला, कागद दाबला. संध्याकाळपर्यंत घासूनही झालं. टवका कुठं होता ते मलाच आठवेना. काय खूश झाले होते मी.

काका आले. चमच्यानं ठोकलं, ऐकलं, हात फिरवला. "भरीव आहे," एवढंच बोलून आत गेले.

काकू बाहेर आल्या. "काय केलं वं हे तू?"

"शेड जमवला, काकू."

"तो जमवाचा नव्हता न." त्या पायरीवर बसल्या. "साहूजीची बायको वारली न, तवापासून तो माणूस घरातच बसून होता. चायले बोलावलं, आला नाई. जेवाले बोलावलं, नाई. म्हणे, किसी पे बोझ नहीं बनना. मंग यायनं ही नाव आणली अन् फोन केला, का शेड जमून नाई राहिला, तुमचा डोळा पायजे. त्याच गुरुवारी छत्री घेऊन हजर."

मी जमिनीत जायची बाकी होते. धावत काकांकडे गेले. "काका, मी आत्ता खरडून काढते."

"नको," काका म्हणाले. "निळा मारलेला मी काढतो. पण बरोबर झालेलं काम खरडाले मले हात होत नाई. अन् दुसऱ्याचं त नाईच."

गुरुवारी चार वाजता साहूजी आले. छत्री टेकवली, वाकले. त्यांचं बोट नावेच्या नाकावरून पुढं गेलं, मागं आलं, परत पुढं गेलं. टवका सापडेना. अंगठा ओला करून त्यांनी घासून पाहिलं. मग उभे राहिले आणि छत्री हातात घेतली. काकांचा हात खिशातल्या चमच्यावर होता. काकू दारातून पोह्यांची ताटली घेऊन निघाल्या होत्या, त्या तिथंच थांबल्या. मला स्वतःचा इतका राग कधी आला नव्हता.

साहूजींनी एकदा पोह्यांकडे पाहिलं, एकदा काकांकडे. छत्री पुन्हा ड्रमला टेकवली.

"धाबेकर," ते म्हणाले, "अब थोड़ा पीला मार रहा है."

काकांनी चमच्यावरचा हात काढला. मग म्हणाले, "मले वाटलंच होतं."

साहूजींना तो निळ्याचा डाव कधीपासून ठाऊक होता, मला अजूनही कळलेलं नाही. मला रडू आलं, खोटं कशाला सांगू. तेवढ्यात ते माझ्याकडे वळले. "क्यों बेटी, पीला है ना?"

"हव, काकाजी," मी म्हणाले, "मला कालच दिसला होता."

काकूंनी चहा टाकला. मी स्कूटीची चावी खुंटीला अडकवली आणि पॉलिश पेपर पाण्यात भिजत घातला.