जुन्या इंग्रजीची फौज

तलासरी तालुक्यात चारशे वर्षांपूर्वीचं इंग्रजी येणारा माणूस एकच, आणि तो म्हणजे मी! जुनी नाटकं वाचता यावीत म्हणून उन्हाळाभर डहाणूच्या घरी पंख्याखाली बसून शिकलो. ‘दाऊ’ म्हणजे तू, ‘दी’ म्हणजे तुला, क्रियापदाला ‘एथ’ची शेपटी! शनिवारी नाटक वाचताना अकरावीच्या पोरांना सांगितलं तर त्यांच्यातली बायजी म्हणाली, "म्हणजे त्यांच्यातपण तू आणि तुम्ही होतं? मग सोपंय की सर!" मला ते कळायला अख्खा मे महिना लागला होता.

हा माझा शनिवारचा नाटकाचा वर्ग आमच्या प्राचार्या दक्षा मॅडमना खुपत होता. "सुदाम सर, पोरांना आजचं इंग्लिश येत नाय, तुम्ही कालचं कशाला शिकवता? शनिवारी मी येऊन बसते. पोरांनी वाचलं तर ठीक, नायतर बंद!"

हा वर्ग गेला की जन्मभर अर्जलेखन आणि निबंध!

शनिवारी मॅडम मागच्या बाकावर येऊन बसल्या. मी मुद्दाम फौज चालून येते तो प्रवेश काढला. जरा रंग भरावा म्हणून पोरांना सांगितलं, "फौज आली की बाकं बडवा, पाय आपटा. घाबरायचं नाही, मी आहे!"

तेवढ्यात मॅडमचा फोन वाजला, त्या व्हरांड्यात गेल्या, आणि नेमकी फौज आली! राजा झालेल्या लाहूनं बाकावर पहिली थाप मारली, मागोमाग सगळा वर्ग सुटला. छपराचा पत्रा थडथडायला लागला. आता आमच्याकडे गेली काही वर्षं जमीन अधूनमधून हादरते. पत्रा वाजला की इथं कोणी विचार करत बसत नाही, सरळ मैदान गाठतात. शेजारच्या बारावीतून ओरडा उठला, "हादरा! हादरा! बाहेर पळा!"

तो ऐकला आणि माझी पाचावर धारण बसली! मेलो! पत्रा पडणार! पुस्तक फेकलं, खुर्ची उलथली, व्हरांड्यात मॅडमना मागे टाकलं आणि मैदानाच्या मधोमध डोक्यावर हात धरून बसलो. पाठोपाठ बारावी आली, ऑफिस आलं. मॅडम धापा टाकत आल्या. "सर, तुमची पोरं कुठायत?"

माझी पोरं! अकरावीचं एकही पोर मैदानात नव्हतं. पण त्या पत्र्याखाली परत जायची माझी छाती होईना!

"लाहू! बायजी! बाहेर या रे!" मी अगदी रडकुंडीला येऊन ओरडलो.

खिडकीत बायजीचं डोकं दिसलं. "सर, हादरा नाय, आम्हीच वाजवतोय! तुम्हीच सांगितलं ना? थांबवू का फौज?"

अख्खं मैदान माझ्याकडे बघायला लागलं. आत लाहूनं राजाचं भाषण सुरू केलं. कुठं अडखळणं नाही, काही नाही! बायजीनं राणीचं उत्तर दिलं. मॅडम खिडकीशी उभ्या राहून शेवटपर्यंत ऐकत होत्या.

"छान वाचतात हां!" त्या माझ्याकडे वळून म्हणाल्या. "वर्ग चालू राहील."

मला तर नाचावंसं वाटलं!

"फक्त तो घेणार बायजी. तुम्ही मैदानात उभे राहा. पोरं सांगतील खरा हादरा आला तर."

आता दर शनिवारी मी मैदानात उभा असतो. अपमान वाटत नाही का म्हणता? वाटतो ना! पण खरं सांगू, डोक्यावर पत्रा नसला की फार बरं वाटतं हो!