गाडीखालचा कोरडा पुठ्ठा

गळती ती गळती, मग ती हिरडीतली असो की गाडीतली, असं डॉक्टरांचं ठाम मत होतं. ते दातांचे डॉक्टर. आयुष्यभर लोकांच्या तोंडात वाकून वाकून त्यांची खात्री पटली होती की कुठलाही बिघाड म्हणजे शेवटी एक भोक असतं, आणि भोक बुजवण्यात आपला हात कोणी धरणार नाही.

गाडी होती सासऱ्यांची. लांबलचक, क्रीम रंगाची, रस्त्यावरून गेली की वयस्कर माणसांनी थांबून बघावी अशी जुनी गाडी. सासऱ्यांना कमी दिसायला लागलं तेव्हा ती जावयाच्या दारात आली आणि येताना पॉवर स्टिअरिंगच्या तेलाची गळती घेऊन आली. फार पूर्वीही ती अशीच गळायची. तेव्हा सासऱ्यांनी एका रविवारी शर्ट काढून, गाडीखाली आडवं होऊन ती स्वतःच्या हातांनी दुरुस्त केली होती, आणि त्यानंतर कित्येक वर्षं खाली अंथरलेल्या पुठ्ठ्यावर म्हणे एक थेंब पडला नाही. ही कथा डॉक्टर लग्न ठरल्या दिवसापासून ऐकत आले होते. मग सासूबाई गेल्या, आणि महिन्याभरात गाडी पुन्हा गळू लागली. "तिलाही दुःख झालंय," असं सासरे गाडीबद्दल म्हणत.

सासरे जावयाला 'दातवाले' म्हणत. जावईबापू म्हणावं असं काही या माणसाने अजून केलेलं नाही, असा त्याचा अर्थ होता. तो डॉक्टरांना बरोबर कळायचा आणि चांगलाच लागायचा.

सोमवारी सकाळी सासऱ्यांचा फोन आला.

"दातवाले, रविवारी येतोय. तिच्यातून एक चक्कर मारू. अजून गळत असेल तर मात्र माझा मुलगा म्हणतो तशी मोडीत काढू. भंगारवाला कधीचा मागे लागलाय. तिचे हाल मला बघवत नाहीत."

"बाबा, रविवारी पुठ्ठा कोरडा असेल," डॉक्टर म्हणाले.

फोन ठेवल्यावर बायको म्हणाली, "अहो, सरळ मेकॅनिकला बोलवा ना."

"तुझ्या वडिलांनी बोलावला होता का?"

यावर ती घाईघाईने चहाचे कप उचलून आत गेली.

दवाखाना खाली, घर वर, आणि दवाखान्याला लागून पत्र्याच्या शेडखाली गाडी. डॉक्टरांनी कपाळाला दिवा बांधला, तोंडात घालायचा छोटा आरसा घेतला आणि बॉनेटला सवयीने "आ करा" म्हणून ते आत वाकले. रोग लगेच सापडला. पंपाला जिथे नळी जोडली होती तिथून लाल तेल पाझरत होतं. डॉक्टरांनी पाना लावून सांधा आवळला. पाझर कमी झाला. तेवढ्यावर थांबले असते तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण त्यांना वाटलं, आणखी एक फेरा. आतून कट्ट असा आवाज आला, आणि गाडी सुरू करून बघायला गेले तर तेलाची चिळकांडी थेट तोंडावर आणि छातीवर.

तोंड धुतलं. अंगातला पांढरा कोट बदलायचा राहिला. त्या दिवशीची पहिली पेशंट, दाढ काढायला आलेल्या एक बाई, दारातूनच त्या लाल कोटाकडे बघत म्हणाल्या, "डॉक्टर, दाढ थांबली माझी." आणि जिना नसतानाही जिना उतरावा तशा धडधडत निघून गेल्या.

मंगळवारी चिकटपट्टी लावून झाली. पट्टी तेलात भिजून सुटली आणि संध्याकाळी पुठ्ठ्यावर मेलेल्या पालीसारखी पडलेली सापडली. भोवती आदल्या दिवसापेक्षा मोठा लाल डाग. डॉक्टर शेडच्या पायरीवर डोकं धरून बसले. आजवर हजारो माणसांच्या तोंडातली भोकं आपण बुजवली आणि सासऱ्यांच्या गाडीतलं एक बुजत नाही, म्हणजे आपण आयुष्यभर नक्की केलं काय, इथपर्यंत त्यांची मजल गेली. त्या रात्री ते जेवले नाहीत. बायको समोरचं ताट आणि नवऱ्याचं तोंड आळीपाळीने बघत राहिली.

बुधवारी त्यांनी निर्वाणीचा उपाय केला. सांधा घासूनपुसून, हवा मारून कोरडा केला आणि दातात भरायचं सिमेंट थरावर थर देऊन त्यावर भरलं. प्रत्येक थरावर निळा दिवा धरून तो कडक केला. शेवटी पॉलिशही केलं. निघताना सवयीने म्हणालेसुद्धा, "दोन तास काही खाऊ नका."

गुरुवारी पुठ्ठा कोरडा होता.

शुक्रवारीही कोरडा. शनिवारीही. तेलाच्या टाकीचं झाकण उघडून पाहिलं तर टाकी काठोकाठ. कालच्यापेक्षा किंचित जास्तच वाटली, पण सुखाच्या वेळी माणूस उलटतपासणी घेत नाही. डॉक्टर दवाखान्यात शीळ घालत फिरू लागले, आणि पेशंटना ती चिळकांडीपेक्षा भयंकर वाटली.

रविवारी सासरे ठरल्या वेळेच्या बरेच आधी आले. घरात न जाता शेडमध्ये गेले, कण्हत खाली वाकले आणि पुठ्ठ्यावर बोट फिरवलं. बोट डोळ्यांजवळ नेऊन पाहिलं.

"हं," ते म्हणाले.

एवढ्या एका हुंकारासाठी डॉक्टरांनी आपली पदवी परत केली असती. सासरे दार उघडून पुढच्या सीटवर जाऊन बसले आणि हलायचं नाव घेईनात.

बायको एक कापडी पिशवी पोटाशी धरून लगबगीने खाली आली. "बाबा, वर चला. चहा टाकलाय."

"आल्यावर घेऊ."

"अहो, तुम्ही तरी जा वर. गाडीची चावी विसरलात वाटतं."

डॉक्टरांनी चावी दाखवली.

"मग निघायच्या आधी एकदा बॉनेट उघडून बघू का?"

"तुला त्यातलं काय कळतं?" सासरे आणि जावई एका सुरात म्हणाले. इतक्या वर्षांत दोघांचं एकमत झालेली ही पहिलीच गोष्ट होती. बायको निमूटपणे मागे बसली. पिशवी तिने मांडीवर घट्ट धरली.

पहिलं वळण लोण्यासारखं गेलं. सासरे काचेतून बाहेर बघत मान डोलावत होते. बाजाराच्या रस्त्याला लागल्यावर पंप बारीक कुरकुरला. मग दुखऱ्या दाढेत ड्रिल शिरावं तसा तो किंचाळू लागला. तिठ्यावर डॉक्टरांनी गाडी वळवायला घेतली आणि स्टिअरिंग निम्म्यातच दगड झालं. गाडी रस्त्यावर आडवी. मागे ट्रक, ट्रकमागे टेम्पो, टेम्पोमागे अख्खं गाव असावं असे हॉर्न. डॉक्टर त्या चाकाला जवळजवळ लोंबकळले. चाक ढिम्म.

"टाकीत तेल नाही हो," मागून बायको म्हणाली. "आज घालायला मिळालंच नाही."

"आज म्हणजे?"

तिने पिशवीतून बाटली काढली. "गुरुवारपासून रोज घालतेय. आणि तुम्ही उठायच्या आत पुठ्ठाही बदलतेय. आज पुठ्ठा झाला, पण तेल घालायच्या आत बाबा आले. तुमचं ते तोंड बघवत नव्हतं मला."

म्हणजे सिमेंट, निळा दिवा, पॉलिश, सगळं पाण्यात. डॉक्टरांना वाटलं, आता या ट्रकने आपल्याला गाडीसकट भंगारवाल्याच्या दारापर्यंत ढकलत नेलं तरी चालेल. शेजारी बघायची त्यांची छाती होईना.

"हे तुला कोणी शिकवलं?" सासऱ्यांनी विचारलं.

"आईने. मी लहान असताना दुकानातून पुठ्ठे मीच आणून द्यायचे. ती रोज सकाळी..." एवढं बोलल्यावर आपण काय बोललो हे तिच्या लक्षात आलं.

सासऱ्यांनी चष्मा काढून हातात घेतला. हॉर्न वाजत होते, ते त्यांना ऐकू येत नव्हते.

"मला उठवायच्या आधी रोज खाली जायची," ते म्हणाले. "विचारलं तर म्हणायची, पाय मोकळे करून येते. मला वाटायचं, हिला चालायची किती आवड आहे."

डॉक्टरांनी चाक सोडून शेजारी पाहिलं.

"बाबा, मग... भंगारवाल्याला काय सांगू?"

"सांगा, गाडी विकायची नाही. तिने इतकी वर्षं गळती सांभाळली, आता मी कोण गाडीला मोडीत काढणारा?" सासऱ्यांनी डोळे पुसले, चष्मा चढवला आणि आपल्या बाजूने स्टिअरिंगला दोन्ही हात घातले. "जावईबापू, धरा तिकडून. दोघं मिळून ओढू."

जावईबापू! डॉक्टरांच्या अंगात दहा हत्तींचं बळ आलं. दोघांनी दात-ओठ खाऊन, जीव तोडून ओढलं. चाक तसूभरही हललं नाही. पुन्हा ओढलं. सासऱ्यांची मान लाल झाली, डॉक्टरांच्या कोपरातून कळ गेली, मागचा ट्रकवाला उतरून काचेशी येऊन बघत उभा राहिला.

"बाबा, अहो," मागच्या सीटवरून बायको म्हणाली, "तुम्ही दोघं आपापल्याकडे ओढताय."