तिसऱ्या गिअरला बेचाळीस

इस्माईल मामूंकडे गाडी दाखवायला नेली तर ते आधी गाडीकडे बघतच नाहीत. ते तुम्हाला ओट्यासमोर उन्हात उभं करतात, स्वतः दोन हात अंतरावर खुर्ची टाकून बसतात आणि म्हणतात, "हां. काढ आता आवाज."

गाडीचा नव्हे. तोंडानं. तुमच्या.

मी त्रेपन्न वर्षांचा माणूस आहे. जालन्यातल्या एका बियाणे कंपनीत उगवण मोजायचं काम करतो. शंभर दाणे ओल्या कागदात गुंडाळून ठेवायचे आणि आठवडाभरानं त्यातले किती उगवले ते लिहायचं. चोवीस वर्षं हेच करतोय, त्यामुळे माझ्या तोंडातून सहसा आकडेच बाहेर पडतात. त्या सकाळी भर गल्लीत मी गाडी झालो.

"कट्-कट्-कटर्र," मी म्हणालो.

"खाली मान घालून न्हाई. इकडं बघून. तोंड मोकळं कर."

"कट्-कट्-कटर्र, मामू."

"मामू असं गाडी म्हणते का? नुसता आवाज!"

तेवढ्यात शेजारच्या आमच्या घरातून बायको, सुनीता, बाहेर आली. "अहो, शेवटचा टिक् राहिला ना तुमचा," म्हणाली, आणि पदर खोचून तिनं "कट्-कट्-कटर्र-टिक्" असा हुबेहूब आवाज काढला. समोरच्या घरातली शेळी दचकली.

"बेटी बराबर बोलली," मामू खूश झाले. "अन् तुझ्या कानात काय बोळे हेत का रे दिलीप?"

मामू एसटीच्या वर्कशॉपमध्ये चौतीस वर्षं होते. निवृत्त होऊन चौदा झाली. त्यांच्या कानाबद्दल जालन्यात अजून सांगतात. बस फाटकातून आत वळायच्या आधी, भिंतीमागं चहा पिता पिता ते ओरडायचे, "मागचं डावं बेअरिंग गेलं!" आणि ते गेलेलं असायचं. "आवाज झूट नै बोलता," हे त्यांचं लाडकं वाक्य. थोडं थांबून, समोरच्याकडे रोखून बघत ते पुढचं अर्धं म्हणायचे, "आदमी बोलता."

बाकी माणूस तऱ्हेवाईक. बोलणं इतकं मोठ्यानं की गल्लीच्या दोन्ही टोकांना एकाच वेळी बातमी कळते. आयुष्यभर इंजिनांशी बोलल्यावर दुसरं काय होणार, असं आम्ही म्हणायचो. फोन बाळगत नाहीत. "फोनमधी माणसाचं तोंड दिसत न्हाई. तोंड दिसत न्हाई त्याच्यासंगं बोलायचं कशाला?" हत्यार एकच, दोन फुटी स्क्रू-ड्रायव्हर, लाकडी मुठीचा. इतर मिस्त्री असल्या स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनला टेकवून मूठ कानाला लावतात. मामू मूठ दातांत धरतात. का, असं विचारलं तर म्हणाले, "कानात मळ अस्तो. दात मी रोज घासतो."

मला ते पटलं होतं.

आता आवाजाबद्दल. माझी पांढरी गाडी सात वर्षांची. दसऱ्यानंतर चौथ्या दिवशी तिच्यातून हा आवाज पहिल्यांदा आला. मी तीन ठिकाणी दाखवली. पहिला म्हणाला चाक, दुसरा म्हणाला बुश, आणि तिसऱ्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं, "साहेब, वय झालं की बोलतेच गाडी." दोन गोष्टी बदलून झाल्या. आवाज होता तसाच.

मग मी वही घातली. तारीख, रस्ता, गिअर, वेग, माणसं किती, काचा वर की खाली. सुनीता म्हणाली, "एवढं लक्ष आपल्या लेकीच्या प्रगतिपुस्तकात घातलं असतं तर ती कलेक्टर झाली असती." पण मामूंनी वही बघितली आणि पहिल्यांदाच मला चहा विचारला.

प्रकरण तिथंच मिटलं असतं, पण मधे बबन मिस्त्री आला. मोंढ्याच्या कोपऱ्यावर त्याचं गॅरेज आहे. हा एकेकाळचा मामूंचा चेला, अजून त्यांना उस्ताद म्हणतो. आता त्याच्याकडं गाडीला जोडायचा कंप्युटर आहे. चहाच्या टपरीवर सगळ्यांसमोर तो बोलून गेला, "उस्ताद, दोन महिने झाले तुम्ही ह्या आवाजाच्या मागं हिंडून राह्यले. कंप्युटर लावू का? का कान रिटायर झाला?"

मामूंनी कप खाली ठेवला.

"तुझा कंप्युटर बहिरा हे, बबन. वायर जोडल्याबिगर त्याला काईच कळत न्हाई."

"मंग लागू द्या शर्यत."

"येत्या इतवारला, तुझ्याच दारात, ह्या गाडीचा आवाज हुडकून देतो. न्हाई दिला तर हा घे," मामूंनी दोन फुटी स्क्रू-ड्रायव्हर टपरीच्या फळीवर आपटला, "आन् इस्माईल पुन्हा कोन्त्या गाडीला हात लावणार न्हाई."

टपरीवर नऊ जण होते. बबनचा चेहरा पडला. त्यानं चेष्टा केली होती, पण उस्तादांनी शब्द दिला होता.

त्या आठवड्यात मी तीन रजा टाकल्या. एके दिवशी जाफराबादच्या रस्त्यानं जाऊन आलो. निघायच्या आधी मामूंनी गाडीतून छत्री, पाण्याची बाटली, जॅक, पायपुसण्या, सुनीताची दोन वर्षांपूर्वी हरवलेली एक चप्पल आणि शेवटी माझ्या खिशातल्या किल्ल्या काढायला लावल्या. किल्ल्यांशिवाय गाडी सुरू होणार नाही हे पटवून द्यायला पाच मिनिटं लागली.

गाडीत मामू बाजूच्या सीटवर दाराला पाठ लावून, माझ्याकडे तोंड करून बसायचे आणि माझ्या चेहऱ्याकडे टक लावून बघायचे. जणू आवाज माझ्या नाकातून यायचा होता. मला वाटायचं, माझ्या चालवण्यावर भरवसा नाही. कट्-कट् झालं की माझी डावी भुवई आपोआप वर जाते, सुनीता त्यावरून हसते. आणि मामू ओरडायचे, "आला!" एकदाही चुकले नाहीत. जाफराबादच्या फेरीत आवाज एकोणीस वेळा आला आणि एकोणीस वेळा मामू म्हणाले, "आला!" मी मनात म्हटलं, काय कान आहे!

मग शहागड. गोदावरीच्या पुलाअलीकडे मामू म्हणाले, "मागून येतो का ते बघू," आणि डिकीत जाऊन झोपले. बहात्तर वर्षांचा माणूस, टोपीसकट. मी डिकी लावली आणि हळूहळू निघालो.

शंभर मीटरवर मागून आवाज आला. ठक्-ठक्-ठक्. माझा आनंद गगनात मावेना. आजवर असा स्पष्ट आवाज आला नव्हता. आणि नेमकेपणा तरी किती! तीन ठोके, मग थांबा, परत तीन ठोके. बाजूला थांबून मी वहीत लिहिलं, "डिकी, तीन-तीनचे गट." लिहीत होतो तोवर गाडी उभी असतानाही तीन ठोके आले. हा तर नवाच प्रकार होता, तोही लिहिला. एकूण सत्तावीस ठोके नोंदवून मी ट्रकवाल्यांच्या हॉटेलसमोर गाडी लावली आणि अभिमानानं डिकी उघडली.

मामू टोपी वाकडी, दाढीला जाळं आणि डोळ्यांत अंगार घेऊन बाहेर आले.

"तीन ठोक्यातच थांबायचं होतं ना बे! श्वास कोंडून राह्यला मपला!"

बाजेवर जेवणारा एक ट्रकवाला घास हातात धरून उभा राहिला. "चाचा, खैरियत? ये आदमी कौन है?"

"पडोसी हे," मामू टोपी झटकत म्हणाले. "आवाज ढूंड रहे."

ट्रकवाल्यानं माझ्या गाडीचा नंबर मात्र लिहून घेतला.

परत येताना मामू दाढीतलं जाळं काढत होते. मग अचानक म्हणाले, "वही काढ. बेचाळीसला आवाज येतो म्हनलास. कोन्त्या गिअरला?"

बघितलं. सगळ्या नोंदी तिसऱ्या गिअरच्या. चौथ्या गिअरला बेचाळीसवर एकदाही नाही.

"मंग चाक न्हाई, बुश न्हाई. चाकाला गिअर कुठं कळतो? इंजिनच्या थरथरीनं काई तरी हालून राह्यलं." त्यांनी माझ्या पाठीवर अशी थाप मारली की गाडी डावीकडे गेली. "तुझी वही माझ्या कानाची बहीण हे!"

शनिवारी दुपारी मी अंगणात होतो. सुनीता गाडीची समोरची काच आतून पुसत होती. ती म्हणाली, "अहो, हे बघा काय."

तिच्या भुवया कोरायच्या चिमट्यात करंगळीएवढं हळकुंड होतं.

आमच्याकडे दसऱ्याला गाडीची पूजा असते. बॉनेटवरून सुपाऱ्या घरंगळतात, म्हणून सुनीता पाच सुपाऱ्या आणि पाच हळकुंडं आत, काचेखाली मांडते. काचेवर वारा फेकणारी जी फट असते, तिच्यात एक हळकुंड गेलं होतं.

"तरीच!" ती म्हणाली. "दसऱ्यापासून मला एक कमी भरत होतं. पाचाची चार."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही आवाज मोजत होता. मला वाटलं, हळकुंडं तुमच्या खात्यात येत नाहीत."

तिनं हळकुंड नळाखाली धुऊन देवघरात ठेवलं. मी वळसा घालून आलो. बेचाळीस, तिसरा गिअर. गाडी गाईसारखी शांत.

संध्याकाळी मामूंना सांगायला गेलो, तर ते शेवटच्या फेरीसाठी तयारच होते. म्हटलं, गाडीतच सांगू. स्टेशनच्या रस्त्याला लागलो. एका खड्ड्यात चाक गेलं आणि माझी डावी भुवई वर गेली. नुसती सवयीनं.

"आला!" मामू म्हणाले.

गाडीत काहीही आवाज नव्हता.

मी थोडं अंतर गेलो. रस्ता साफ होता. मी मुद्दाम भुवई उचलली.

"आला! बघ, कसा बराबर आला!"

मग मी तोंड उजवीकडे खिडकीकडे वळवलं आणि नेहमीच्या आवाजात म्हणालो, "मामू, चहा घ्यायचा का?"

मामूंनी चहाला नाही म्हटल्याचं मी कधी बघितलेलं नाही. त्या दिवशी ते नाही म्हणाले नाहीत आणि हो पण म्हणाले नाहीत. माझ्या चेहऱ्याच्या दिसणाऱ्या अर्ध्या भागाकडे ते तसेच बघत राहिले.

उन्हात उभं करणं, तोंडानं आवाज काढायला लावणं, फोन नको, मूठ दातांत. सगळ्या नोंदी माझ्यासमोर होत्या. मी बेरीज केली नव्हती.

घरी आलो आणि देवघरातून हळकुंड उचललं. सुनीता बघत होती. "काढलेलं परत टाकता?"

"उद्यापुरतं."

तिनं माझ्याकडे बघितलं आणि काही न विचारता चिमटा हातात दिला. वहीत मी लिहिलं, "फेरी एक, आवाज दोन." चोवीस वर्षांत लिहिलेला तो माझा पहिला खोटा आकडा.

रविवारी बबनच्या दारात सतरा माणसं जमली. बबन कंप्युटर आत ठेवून आला होता. पाणी द्यायला पुढे झाला तर मामूंनी हातानंच नको म्हटलं. दोन फुटी स्क्रू-ड्रायव्हर फडक्यानं पुसला.

"दिलीप, रेस दे. तिसऱ्या गिअरला बेचाळीस असताना काटा कुठं अस्तो, तिथं धर."

मी इंजिनच्या फेऱ्यांचा काटा दोन हजारांच्या थोडा वर धरला. कट्-कट्-कटर्र-टिक्. पायाखेरीज मी अंगातलं काहीही हलवलं नाही. भुवई तर हातानं दाबून धरली. कुठं आहे ते मला सांगायचं नव्हतं, कारण सांगितलेलं त्यांच्या कामाचं नव्हतं.

मामूंनी मूठ दातांत धरली, टोक गाडीच्या काचेखालच्या फळीवर टेकवलं आणि डोळे मिटले. डावीकडे. नाही. मधे. नाही. कपाळावर घाम आला. गर्दीतून कोणी तरी खोकलं, बबननं त्याला गप्प केलं. टोक काचेच्या कडेला उजवीकडे सरकलं आणि थांबलं. मामूंची दाढी हलली. दातांत मूठ असतानाही ते हसत होते.

स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकाला ग्रीसचा गोळा लावून त्यांनी तो फटीत घातला आणि बाहेर काढला. ग्रीसला चिकटलेलं हळकुंड सगळ्यांना दिसलं.

आरडाओरडा झाला. बबन उस्तादांच्या पाया पडला. पेढे त्यानं आधीच आणून ठेवले होते.

परत निघताना मामूंनी खिशातून हळकुंड काढलं आणि उन्हात फिरवून बघितलं.

"दसऱ्यापासून आत व्हतं म्हनतो?"

"हो."

"इतके महिने फटीत. आन् ह्याच्यावर धूळ न्हाई. धुतलेलं दिसतंय." ते थांबले. "आवाज झूट नै बोलता."

पुढचं अर्धं ते म्हणाले नाहीत.

मी खिडकीबाहेर बघत काही तरी बोललो. काय ते आठवत नाही. मामूंनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"न्हाई ऐकू आलं," ते म्हणाले. इतक्या हळू आवाजात मी त्यांना पहिल्यांदाच ऐकत होतो. "दोन साल झाले. बोलायचं असलं तर इकडं तोंड करून बोलत जा, बेटा."

बबनच्या गॅरेजपासून आमची गल्ली सव्वातीन किलोमीटर. चालवताना रस्त्याकडे बघावं लागतं आणि बोलताना मामूंकडे, म्हणून त्या दिवशी मी वाटेत अकरा वेळा गाडी कडेला घेतली. पन्नास मिनिटं लागली. अकराव्या वेळी सांगण्यासारखं काहीच उरलं नव्हतं, तरी थांबवली. मामू माझ्या तोंडाकडे बघत होते.

"कट्-कट्-कटर्र-टिक्," मी म्हणालो.

मामूंनी मान डोलावली. "टिक् जमलं आता."