हात न टेकता

चकलांब्याला राजेश्वरच्या घरी रोहिणीच्या सोयरिकीची बैठक भरली होती. सगळं जुळलं होतं, अडलं होतं एवढंच की रोहिणीचं लातूरला फिजिओथेरपीचं शेवटचं वर्ष राहिलं होतं आणि मुलाचे आजोबा मन्मथप्पा अडून बसले होते.

"लगीन याच उन्हाळ्यात. शिकणं लई झालं!"

रोहिणीचा चेहरा उतरला. तिचा बाप राजेश्वर सतरंजीचे धागे उपसत बसला.

राजेश्वरची आई दानम्मा कोपऱ्यात, भिंतीला टेकवलेल्या दणकट खुर्चीवर होती. हाडं ठिसूळ झाल्याचं डॉक्टरांनी सांगितल्यापासून नातीने तिला व्यायाम लावला होता. हात न टेकता सावकाश उठायचं, सावकाश बसायचं. वाकायचं नाही, श्वास कोंडायचा नाही. दानम्माला त्याचा भारी नाद लागला होता! दिवेलागण झाली, व्यायामाची वेळ टळत चालली, पाहुणे काही हलेनात. म्हातारीकडे कोण बघतंय, म्हणून ती उठली.

मन्मथप्पा गुडघ्यांवर हात रोवत, कण्हत उभे राहिले. त्यांच्यामागे सगळेच.

"अक्का, कशापायी उठल्या? काय चुकलं का आमचं?"

दानम्माचं सगळं ध्यान श्वासाकडे. ती बसली. सगळे बसले. ती पुन्हा उठली. सगळे पुन्हा उठले!

"बरं, उन्हाळ्यात न्हाई, दिवाळीनंतर धरू!"

ती बसली, आणि परत उठली.

"बैठक मोडू नका, अक्का!" मन्मथप्पांना घाम फुटला होता. "पोरीची परीक्षा होऊ द्या. मगच लगीन. हा माझा शबूद!"

तेव्हा कुठे दानम्माच्या डोक्यात उजेड पडला. तिच्या थोरल्या बहिणीच्या सोयरिकीच्या बैठकीत आजे असेच मधेच उठले होते, आणि पाहुण्यांनी चहा तसाच ठेवून बैल जुंपले होते. वडीलधारं माणूस उठलं की बैठक मोडली! पण तिच्या उठण्याबसण्याला इतक्या वर्षांत विचारलं होतं कुणी?

राजेश्वर डोळ्यांनी 'गप बस' म्हणून विनवत होता. पण दानम्माला आनंद आवरेना.

"अवो आप्पा, मी कशाला रुसू? ह्यो माझा हाडाचा व्यायाम हाय! आज एकदाबी हात टेकला न्हाई बगा!"

रोहिणीने डोळे गच्च मिटले.

"म्हंजे," मन्मथप्पा सावकाश म्हणाले, "आमी व्यायामाला भिऊन शबूद दिला?"

"मग घ्या की माघारी," दानम्मा म्हणाली. "पण या खुर्चीवर बसा, आन् हात न टेकता उठून घ्या."

मन्मथप्पा तावातावाने खुर्चीत बसले. दोन्ही हात छातीशी घेतले. जोर लावला. लाल झाले. पुढेमागे हेलकावे खाल्ले.

"झटका देऊ नका, आजोबा!" रोहिणी कळवळून ओरडली. "पाठीला लागंल! रोज थोडं थोडं करावं लागतं."

त्यांनी पुन्हा जोर लावला. खुर्ची करकरली, आप्पा जागचे हलले नाहीत. मग त्यांनी सगळ्या बैठकीवरून नजर फिरवली आणि धोतराचा सोगा सारखा केला.

"शबूद कायम," ते म्हणाले. "आता कुणीतरी मला उठवा."