दहापैकी दहा

बिराजदार साहेबांना चहा घ्यायचा की नाही हे ठरवायला जेवढा वेळ लागतो, तेवढ्यात माझ्या विभागातल्या बाया चाळीस टॉवेलांच्या कडा शिवून घड्या घालतात. मी वाढवून सांगत नाही. मी त्या विभागाची सुपरवायझर आहे आणि टॉवेल मोजणं हेच माझं काम आहे. चहावाला किटली घेऊन उभा असतो आणि साहेब फाटक्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर फांद्या काढत असतात. एक फांदी चहा गरम असण्याची, एक कोमट असण्याची. गरम असला तर पित्त होण्याची, नाही झालं तर दुपारी झोप न येण्याची. प्रत्येक फांदीवर आकडा. शेवटी उत्तर येतं, ‘घ्यावा.’ तोवर चहावाला पुढच्या विभागात गेलेला असतो.

चिंचोळी एमआयडीसीतल्या आमच्या टॉवेलच्या कारखान्यात बिराजदार साहेब नियोजनाचं बघतात. कोणत्या मागावर कोणता माल लावायचा, कोणती ऑर्डर आधी पाठवायची, हे त्यांचं काम. वय चोपन्न. मूळचे अक्कलकोटकडचे, घरी कानडी, त्यामुळे अडलं की ‘अय्यो’ आणि पटलं की ‘हौदु’. दीड वर्षापूर्वी त्यांनी परदेशातल्या कुठल्याशा विद्यापीठाच्या ऑनलाइन पदव्युत्तर अभ्यासक्रमात नाव घातलं. विषय डिसिजन अॅनालिटिक्स, म्हणजे निर्णय कसा घ्यावा याचं गणित. ऐकून मला रागच आला. निर्णय घ्यायला पदवी लागत असती तर आमच्या घरी एकही दिवस चूल पेटली नसती.

तेव्हापासून साहेबांच्या तोंडी एकच वाक्य. ‘भावना बाजूला ठेवा मॅडम. वजन किती?’ प्रत्येक गोष्टीला वजन द्यायचं, गुण द्यायचे, गुणाकार करायचा, बेरीज करायची. ज्याची बेरीज मोठी ते खरं.

कंपनीच्या बसमध्ये ऊन कोणत्या बाजूला येतं याचा त्यांनी बारा महिन्यांचा तक्ता केला आणि त्यानुसार जागा धरली. सोलापूरचा मे महिना. त्यातच पुलाच्या कामामुळे बस दुसऱ्या रस्त्यानं वळली आणि साहेब पाऊण तास थेट उन्हात भाजत आले. पलीकडची सीट रिकामी होती. मी म्हटलं, सरका की इकडं. तर म्हणाले, एका दिवसानं मॉडेल चुकीचं ठरत नाही. कपाळावरून घाम गळत होता, तो पुसायला माझ्याकडंच रुमाल मागितला.

माझ्या मुलीच्या लग्नाची पत्रिका दिली तर येण्याची शक्यता पासष्ट टक्के म्हणाले. मी विचारलं, मग पान किती टक्के मांडू? आमच्याकडं अख्खंच मांडतात. त्यांनी ते वहीत लिहून घेतलं.

एवढ्यावर भागलं असतं तर मी हसून सोडून दिलं असतं. पण यंदा मालकांनी ऑटोमॅटिक हेमिंग मशीन घ्यायचं मनावर घेतलं. टॉवेलच्या चारी कडा ते आपणच दुमडतं, शिवतं आणि कापतं. त्याला दोन माणसं पुरतात. माझ्या विभागात बारा बाया आहेत. वजाबाकी करायला मला पदवी लागली नाही.

मालकांनी बिराजदारांना सांगितलं, तुमच्या अभ्यासात हेच बसवा, मशीन घ्यावं की नाही याचा रिपोर्ट द्या, त्यावर ठरवू. साहेबांना शेवटच्या सत्राचा प्रकल्प हवाच होता. म्हणजे त्यांची पदवी आणि आमच्या दहा जणींची भाकरी एकाच कागदावर आली. त्या दिवसापासून मी त्यांच्याशी कामापुरतंच बोलायला लागले.

ते छापील कागद घेऊन विभागात आले. दहा प्रश्न. वेळेवर पगार, बस, पंखा, खुर्ची, सुट्टी, सोबतीच्या बाया, असं काय काय. प्रत्येकाला दहापैकी गुण द्यायचे, तुम्हाला कशाचं महत्त्व जास्त आणि कशाचं कमी. ‘मोकळेपणानं द्या,’ म्हणाले, ‘माझ्या परीक्षेचं काम आहे.’

संध्याकाळी कागद परत आले. बाराही जणींनी दहाही प्रश्नांना दहा दिले होते. लिहिता न येणाऱ्या दोघींचे कागद त्यांच्यातल्याच पद्मानं भरले होते, तिथंही दहाच.

साहेब म्हणाले, अय्यो, असं चालत नाही, फरक दिसला पाहिजे. दुसऱ्या दिवशी नवा कागद आणला. आता तुमच्याकडं शंभर गुण आहेत असं समजा आणि दहा ठिकाणी वाटा. बायांनी वाटले. प्रत्येक ठिकाणी दहा. कुंभारीहून येणाऱ्या शांताबाईनं वर समजावलंही, ‘वाटायचं म्हटल्यावर समद्यास्नी सारकंच द्यावं लागतंय की साहेब. एकाला जास्त दिलं तर बाकीच्यांनी काय केलंय?’

साहेबांनी ते परदेशातल्या मार्गदर्शकांना पाठवलं. तिथून उत्तर आलं की उत्तर देणाऱ्यांना फरक करता आलेला नाही, ही माहिती टाकून द्या आणि वजनं व्यवस्थापनाला विचारून घ्या. साहेबांनी तसंच केलं. मालकांना विचारून वजनं घातली. त्यांच्या टेबलावर तो तक्ता मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला. मशीन चार गुणांनी पुढं होतं. सोमवारी मालकांपुढं मांडायचं होतं आणि सोमवारीच विद्यापीठाला पाठवायचं होतं.

मग मात्र मी बोलले. आवाज चढवून बोलले. बाहेरच्या मागांचा खडखडाट होता म्हणून बरं, नाहीतर सगळ्या कारखान्याला ऐकू गेलं असतं. मी म्हटलं, पंधरा-पंधरा वर्षं शिवणाऱ्या बायांना फरक कळत नाही असं कुणी ठरवलं? टॉवेलची कड सुताभर तिरकी गेली तर त्या लांबून सांगतात. साहेब म्हणाले, भावना बाजूला ठेवा मॅडम, आकडे मी बनवलेले नाहीत, त्यांनीच दिले.

‘त्यांनी ते आकडे कुणाला दिले, माहीत आहे का तुम्हाला?’ मी विचारलं. ‘तुम्ही सांगितलंत, परीक्षेचं काम आहे. त्यांना वाटलं, हे तुमचे मार्क. साहेब या वयात परीक्षेला बसलेत, आपल्या हातनं नापास नको व्हायला, म्हणून जेवणाच्या सुट्टीत ठरवून सगळ्यांनी दहापैकी दहा दिलेत. तुम्हाला दिलेत. आणि तुम्ही ते टाकून देऊन त्यांच्या जागी मशीन आणताय.’

साहेबांनी चष्मा काढला, परत घातला. मला वाटलं, आता तेवढ्यासाठीही तक्ता करतील. मी निघून आले.

सोमवारी मालकांनी मलाही केबिनमध्ये बोलावलं. मी भांडायच्या तयारीनं गेले होते, मुद्दे कागदावर लिहून. वेळच आली नाही. साहेब उभे राहिले आणि म्हणाले, रिपोर्ट तयार नाही. मालकांनी विचारलं, शुक्रवारी तर झाला होता? साहेब म्हणाले, झाला होता, पण मी बायांना चुकीचं विचारलं, ते सगळं परत करावं लागेल. मालक वैतागले. आणखी किती दिवस? साहेबांनी सांगितलं, पुढचं सत्र. मालकांनी फाइल टेबलावर आपटली, दहा मिनिटं सगळ्यांना बोलले, आणि मशीनची ऑर्डर द्यायची राहिली. टळलेलं काहीच नाही, लांबलंय. हे मी बायांना तसंच सांगितलं. खोटा दिलासा मला देता येत नाही.

विद्यापीठालाही त्यांनी काही पाठवलं नाही. म्हणजे पदवी सहा महिने पुढं गेली. चार गुणांचा सरळ तक्ता हातात असताना. मला ते पटेना. एखाद्याशी भांडायचं म्हणून जावं आणि त्यानं आपणहून हार मानावी, यानंही चीड येते. संध्याकाळी बसची वाट बघत ते गेटपाशी उभे होते, तिथं जाऊन मी सरळ विचारलं. माझ्या बोलण्यानं वाईट वाटून केलंत का? तसं असेल तर तेही मला नको आहे.

ते म्हणाले, तुमच्या बोलण्याचं नाही. त्यांच्या मिसेस दोन वर्षांपूर्वी गेल्या, हे कारखान्यात सगळ्यांना माहीत होतं. त्याबद्दल ते कधी एक शब्द बोलले नव्हते.

‘दवाखान्यात तिला रोज विचारायचे,’ ते म्हणाले, ‘दहापैकी किती दुखतंय. ती म्हणायची, दोन. मी वहीत तारीख घालून लिहायचो. दोन. परत दोन. डॉक्टरांना वही दाखवायचो. ते म्हणायचे, मग बरं आहे, बघू थोडे दिवस.’

त्यांनी बस आली का ते वाकून पाहिलं.

‘मी घाबरू नये म्हणून ती दोन सांगायची. शेवटच्या आठवड्यात तिच्या बहिणीनं सांगितलं मला. बावीस वर्षं एका घरात राहून मी आकडा लिहून घेत बसलो.’

समोरच्या कारखान्याची पाळी सुटली होती, सायकली, मोटारसायकली निघाल्या होत्या. साहेबांनी बॅग या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली.

‘माणसाला विचारायचं कसं, हे शिकायला नाव घातलं मी तिथं, मॅडम. तीन सत्रं झाली. अजून तो धडा आला नाही.’